तलाव व्हा

“धुरपता, तू बाजूले हो बरं. तुझ्यापायी साऱ्या अडकून राहिल्या.”

लक्ष्मणराव एवढंच बोलले आणि मैदानावरची सगळी हालचाल थांबली. ‘तलाव व्हा,’ असं त्यांनी आपल्या शिकाऊ शिक्षकांना सांगितलं होतं. पोरंपोरी हात लहरवत, कंबर लचकवत पाणी झाली होती. एकटी धुरपता मैदानाच्या टोकाला दोन्ही हात पसरून, पाठ ताठ करून दगडासारखी बसली होती. वाहत आलेल्या मैत्रिणी तिच्या पाठीला अडत आणि हसत मागं फिरत.

ती उठली. लुगड्याची माती झटकली. काही सांगायला तिनं तोंड उघडलं, पण सर घड्याळाकडे बघत होते. मग ती गुमान व्हरांड्यात जाऊन उभी राहिली.

लक्ष्मणराव वाईट मास्तर नव्हते. वाईट वाटतं ते त्याचंच. कारधा गावाच्या पुढं लागणाऱ्या त्या लहानशा गावातल्या अध्यापक विद्यालयात त्यांनी ऐन उमेदीची वर्षं एका अभ्यासक्रमापायी घालवली होती. एका तासाला भूगोल, दुसऱ्याला गणित, तिसऱ्याला गाणं, ही वाटणी त्यांना पटायचीच नाही. तलाव एकच. त्यात पाणी किती ते गणित, ते येतं कुठून तो भूगोल, आणि खाली धानाच्या बांधीत चिखलात उभ्या राहून रोवणी करणाऱ्या बाया गातात ती भाषा. हे सगळं अंगानं शिकावं, हातापायांनी शिकावं, म्हणजे पोर स्वतःचं काहीतरी नवं काढेल, असा त्यांचा पक्का विश्वास. ते वर्ग भरवायचे तेही तलावाच्या पाळीवर, पाणी अडवणाऱ्या मातीच्या बांधावर, झाडाच्या सावलीत. गावातले लोक म्हणत, मास्तर पगार घेते आन् पोराइले चिखलात खेळवते. लक्ष्मणराव हसून सोडून देत.

त्या अभ्यासक्रमाचा पहिलाच नियम त्यांनी स्वतः घातला होता. मूल काही वेगळं करताना दिसलं, तर आधी त्यालाच विचारायचं, तू काय करतोस? मग बोलायचं.

पण त्या दिवशी नागपूरहून समिती येणार होती. समितीनं मान डोलावली असती, तर जिल्ह्यातल्या सगळ्या अध्यापक विद्यालयांत हा अभ्यासक्रम लागू झाला असता. नाही म्हटलं, तर पुन्हा तेच खडू आणि तेच फळे. जीप कारध्याचा पूल उतरली, असा निरोप एसटीच्या कंडक्टरनं आणला आणि लक्ष्मणरावांचा जीव टांगणीला लागला. अशा वेळी कोण नियम आठवतो! आणि धुरपता तरी कोण? धानवाल्या घरची अबोल पोर. गेल्या पावसाळ्यात तिच्या गावचा तलाव फुटला, उभं धान वाहून गेलं, तेव्हापासून ती आणखीच गप्प झाली होती. लाजते बिचारी, असं समजून त्यांनी तो विषय तिथंच संपवला.

समिती आली. अध्यक्ष उषाबाई पांढऱ्या केसांच्या, बोलायला मोकळ्या. मैदानाच्या कडेला खुर्च्या मांडल्या होत्या. लक्ष्मणरावांनी हात वर केला.

“तलाव व्हा!”

पोरं पाणी झाली. सकाळपेक्षाही सुरेख झाली. लाटा उठल्या, वळल्या, वाहत निघाल्या. मैदानाचं टोक आलं, तरी त्या थांबेनात. थांबवणारंच कुणी नव्हतं. पुढची पोरं थेट खुर्च्यांवर जाऊन आदळली, मागची त्यांच्यावर. एका साहेबांच्या अंगावर चहा सांडला. कुणी फिदीफिदी हसलं, कुणी पळालं, आणि बघता बघता मैदान रिकामं झालं.

उषाबाईंनी पदर सावरला.

“पाणी झकास होतं हो, लक्ष्मणराव. पण मला तलाव काही दिसला नाही. नुसता पूर दिसला. एवढा धिंगाणा आम्ही जिल्हाभर कसा लावायचा?”

लक्ष्मणरावांनी खूप सांगितलं, हात जोडले. समितीनं ऐकून घेतलं, जेवण घेतलं, आणि आपले विषय वेगवेगळेच बरे, असं सांगून जीप निघूनही गेली. इतक्या वर्षांची मेहनत त्या धुळीत मातीमोल झाली. लक्ष्मणराव रस्त्याकडे बघत उभे राहिले. उषाबाईंचा एक शब्द मात्र त्यांच्या कानातून जाईना. पूर.

ते मागं वळले. धुरपता व्हरांड्यात खुर्च्या उचलून ठेवत होती. सकाळी हिच्या पाठीशी येऊन पोरी मागं फिरत होत्या, हे त्यांना आता आठवलं. आणि आपला पहिला नियमही आठवला. फार उशिरा आठवला.

“धुरपता,” ते हळूच म्हणाले, “सकाळी तू थे काय करून राहिली होती?”

तिनं हातातली खुर्ची खाली ठेवली. इतक्या वेळानं का होईना, कुणीतरी विचारलं होतं.

“पानी व्हाले तं सगळेच होते, सर. तलाव फुटू नये म्हून मी पाळ झाली होती.”