कानाची पाळी
सासूची जड कर्णफुलं वागवून माझ्या कानाची पाळी फाटली. ढाणकीची पार्लरवाली म्हणाली, "औषधानं चिकटवून देते, मावशी. डागबी राहत नाही." शेजारणीचा कान तिनंच चिकटवला होता, तो महिनाभर पिकला. "कान हाय माहा, सायकलची ट्यूब नाही," असं सुनावून यवतमाळ गाठलं. डॉक्टरणीच्या भिंतीवरची पदवी शेजारी बसलेल्या पोरीकडून वाचून घेतली. प्लास्टिक सर्जनच होती. तरी विचारलं, "डाग राहीन काय वं, बाई?" "बारीक रेघ राहीलच, आजी." खोटं बोलली नाही, तिथंच मी तिला निवडलं. "आजच टाके घालू," ती म्हणाली. "सोबत कोण आलंय?" पोरगा पुण्यात, दोन दिवाळ्या घरी फिरकला नाही. पण ते परक्या बाईसमोर कायले सांगू? "पोरगा खाली गाडी लावून राह्यला." "येऊ द्या, मग करू." आम्ही दोघी दाराकडे पाहत बसलो.