तीनचाकीचा टॅक्स

शालिग्रामचं वागणं असं, की चारचौघांत सासूच्या पाया पडायचा आणि घरात आला की पायातली चप्पलसुद्धा काढायचा नाही. सोनगीरला सासरी आला तो त्या दिवशीही तसाच. तुळशीजवळून चपलेनं गेला आणि अंगणातल्या स्कूटरवर जाऊन बसला. मागं एकाऐवजी दोन चाकं बसवलेली नवी तीनचाकी स्कूटर. त्यानं हॉर्न वाजवून पाहिला.

"गाडी काही वाईट नाही, आक्का."

"पोरीसाठी घेतली. वाईट घेऊ का?" द्रौपदाबाई सुपातले दाणे पाखडत म्हणाली.

पोर म्हणजे केसर, तिची एकुलती लेक, शालिग्रामची बायको. ती आत चुलीपाशी होती. नव्वद सालच्या उन्हाळ्यात धुळ्याच्या भाड्याच्या घरात ती गच्चीवरून पडली. हाड वाकडं जुळलं आणि उजवा पाय कायमचा ओढत राहिला. शालिग्राम कापसाच्या दलालाकडे कामाला, आठवड्यातले निम्मे दिवस बाहेर. ती पडली तेव्हा तो पाचोऱ्याला, कापसाची सरकी काढतात त्या जिनात होता. शेजारणीनं तिला दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी तो आला आणि ओसरीत बसून लहान पोरासारखा रडला, असं सगळी गल्ली सांगायची. देवमाणूस म्हणायची. केसर तेव्हापासून माहेरी होती आणि बाहेरच्या कुणाशी बोलत नव्हती.

"आता घेऊन जातो तिला," शालिग्राम म्हणाला. "गाडीपण नेतो."

"न्या ना. तुमनीच शे. पण टॅक्स नही भरला तर पहिल्याच चौकात अडवतील. पांगळ्याच्या गाडीले टॅक्स माफ शे म्हणतात. ती माफी हाती येऊ द्या, मग दोन्ही न्या."

दोन्ही म्हणजे लेक आणि गाडी. आत भाकरी थापण्याचा आवाज चालला होता, तो थांबला.

शालिग्राम पैशाला चिकट. तो कबूल झाला.

मग धुळ्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. टॅक्सच्या ऑफिसात पांगळेपणाचा दाखला मागितला. दाखल्यासाठी मोठा दवाखाना. तिथं हाडाचे डॉक्टर मंगळवारी बसायचे, आणि बसायचे म्हणजे त्यांची फक्त खुर्ची बसायची. केसर भिंतीला टेकून उभी राही. शालिग्रामला रांगेत उभं राहण्यात कमीपणा वाटे, म्हणून तो टपरीवर चहा पीत थांबे. सहीपुरती अक्षरं शिकलेली द्रौपदाबाई आत जाई आणि काय ठरलं ते बाहेर येऊन सांगे.

"जन्माचं पांगळेपण नही म्हणतात. अपघाताची नोंद पाहिजे."

"कुठली नोंद?"

"पोलिसातली. नही केली ना तुम्ही तव्हय?"

"घरात पडलेल्या बाईची कोण नोंद करतं?"

पुढच्या खेपेला ती आणखी आंबट तोंडानं बाहेर आली. "नुसती नोंद चालत नही. पडताना डोळ्यानं बघणारा माणूस पाहिजे."

"आता बघणारा कुठून आणायचा? घरात एकटी होती ती."

"मग ऱ्हायलं. यावलचा भाईदास गाडी मागतो, त्याच्या लंगड्या भावासाठी. देऊन टाकते. मले बी हे हेलपाटे झेपत नहीत."

शालिग्रामनं कप खाली ठेवला. थोडा वेळ त्यानं टपरीवरच्या माश्या पाहिल्या.

"विकायची कशाला? मी पाहिलं म्हणून सांगतो."

"तुम्ही तर पाचोऱ्याले होतात."

"इथं पाचोऱ्याचं कोण विचारतं? सरकारी काम असंच करायचं असतं, आक्का. तुम्हाला नाही कळायचं."

"ते बी खरं शे," द्रौपदाबाई म्हणाली. "आम्ही पडलो अडाणी."

दुसऱ्याच दिवशी तिघं पोलीस चौकीत गेली. केसर कोपऱ्यातल्या बाकावर पदर ओढून बसली. शालिग्रामनं आज इस्त्रीचा सदरा घातला होता. फौजदार वयानं लहान, पण सावकाश बोलणारा होता.

"तुम्ही स्वतः तिथं होतात?"

"होतो साहेब. मी नवरा तिचा. घरात आम्ही दोघंच."

"नीट आठवून सांगा. ठरवून आणलेलं बोललात तर वरचे लोक परत पाठवतात."

शालिग्राम खुर्चीत पुढं सरकला. मग त्याला बोलण्याचा रंग चढला. "गच्चीवर पापड वाळत घातले होते साहेब, ते ती गोळा करत होती. मी प्यायला पाणी मागितलं. ती चरवी घेऊन आली. गच्चीला कठडा नाही. तिची पाठ तिकडंच होती. पाय सरकला. आधी चरवी गेली, शेजारच्या पत्र्यावर आदळली. मग ती."

"कसली चरवी?"

"पितळी. पार चेपली होती. मीच नंतर नदीत टाकून दिली."

केसरनं मान वर केली. पदर खांद्यावर घसरला, तो तिनं सावरला नाही.

"उतरवून घेतलं का साहेब?" द्रौपदाबाईनं विचारलं.

"शब्द न् शब्द."

"मग त्यांची सही घ्या."

शालिग्रामनं ऐटीत सही केली, खाली रेघ ओढली आणि पेनाचं टोपण स्वतःच लावून दिलं. "झालं एकदाचं. केसर, ऊठ. आजच घरी जाऊ."

केसर उठली नाही. फौजदार उठला आणि द्रौपदाबाईशी आधीच ठरल्याप्रमाणे दार अडवून उभा राहिला.

द्रौपदाबाई जावयासमोर आली. आवाज तिनं चढवला नाही.

"ती आते तुमना घरी येणार नही, जावई. चरवीचं तिनी फक्त मले सांगेल होतं. ढकलणारा कोण, ते बी तव्हयच सांगेल होतं."