बारा गावचं पाणी

"आधी लांबचं गाव," पोस्टमास्तर म्हणाले आणि त्यांनी नकाशाच्या पार टोकाला, बंदराच्या गावाभोवती पेन्सिलीनं गोल काढला.

त्यांच्या बायकोनं नकाशा डोळ्यांजवळ ओढला. जन्मभर लोकांचे कपडे शिवले म्हणून गल्लीत त्यांना शिवणबाईच म्हणत. "अहो, जवळची आधी बघू ना. गिरण्यांचं गाव तर दीड तासावर आहे."

"अगं, जवळच राहायचं असतं तर पोरगी घर सोडून गेली कशाला असती?"

हे शिवणबाईंना पटलं. चाळीस वर्षांच्या संसारात एक गोष्ट त्या शिकल्या होत्या : पटवून देण्यात नवऱ्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

मुलीला जाऊन सहा वर्षं झाली होती. स्वतःच्या मनानं लग्न केलं, एवढाच तिचा गुन्हा. ती निघाली तेव्हा पोस्टमास्तर दार अडवून म्हणाले होते, "आता आईनं स्वतः बोलावलं तरच या घरात पाऊल टाकायचं. तोवर तू आम्हाला मेलीस." मुलीनं आईकडे पाहिलं. शिवणबाई मशीनपाशी हातात कापड धरून बसल्या होत्या. त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही. त्याच आठवड्यात पोस्टमास्तरांनी घरातला फोनही काढून टाकला. तेव्हापासून मुलीची ना खबर ना बात, आणि न बोललेला तो शब्द शिवणबाईंच्या घशात हाडकासारखा अडकून बसलेला.

मग यंदा डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, "नजर वर्षभर टिकली तरी पुष्कळ."

घरी आल्यावर शिवणबाई म्हणाल्या, "मला तिचं तोंड एकदा बघायचंय. तुम्ही येत असाल तर या, नाहीतर मी एकटी निघते." एवढं मोठं वाक्य त्या नवऱ्यापुढे प्रथमच बोलल्या असतील.

पोस्टमास्तर नुकतेच निवृत्त झालेले, वेळ खायला उठलेला. तिसऱ्या दिवशी त्यांनी एक जुनी राखाडी गाडी दारात आणून उभी केली. शिवणबाईंना रडूच आलं.

वर्ष तसं बरं गेलं. महिन्याचे तीन आठवडे घरात : ते गाडीला तेलपाणी करायचे, धुतलेले कपडे वाळत घालायचे, शिवणबाई अंदाजानंच बटणं लावून द्यायच्या. चौथ्या आठवड्यात प्रवास. थर्मासमध्ये चहा, डब्यात उकडलेली अंडी, आणि शिवणबाईंच्या मांडीवर मुलीची शाळेतली वही. पानंच्या पानं हिरव्या शाईत. त्या शाईपायी पोरीनं छड्या खाल्ल्या, पण शाई बदलली नाही. हट्टीपणात थेट बापावर गेलेली.

प्रत्येक गावात शिवणबाई फोटो पुढे करायच्या आणि बोलायचं काम पोस्टमास्तर करायचे. वीटभट्ट्यांच्या गावात एक पहारेकरी म्हणाला, "अशी बाई शाळेपाशी दिसते खरी." तीन दिवस दोघं शाळेच्या फाटकापाशी उभे राहिले. तिसऱ्या दिवशी शिवणबाईंनी धावत जाऊन एका बाईचे दोन्ही हात धरले. ती कोणी भलतीच निघाली. पोस्टमास्तरांनी त्यांना हळूच मागं आणलं, आपला कोट त्यांच्या खांद्यावर घातला.

"असा नवरा मिळायला नशीब लागतं हो," लॉजवाली म्हणाली.

शिवणबाईंनाही तसंच वाटायचं. परत आल्यावर तर जास्तच. सामान गाडीत, घराला कुलूप, आणि पोस्टमास्तर आधी दाराशेजारची पत्रपेटी उघडायला धावायचे. एकदा किल्ल्यांचा जुडगा सापडेना म्हणून त्यांनी अख्खी गाडी उपसली. जुडगा निघाला त्यांच्याच खिशात.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा!" शिवणबाई म्हणाल्या. पोस्टमास्तर इतके हसले की त्यांना ठसका लागला.

तोंडानं बोलत नाहीत, पण बापाचाही जीव तुटतोच, असं त्या शेजारणीला सांगायच्या.

नकाशावर एकेक फुली पडत गेली. दहाव्या महिन्यात शिवणबाईंना फुल्या दिसेनाशा झाल्या. अकराव्यात नवऱ्याचा चेहरा गेला. बाराव्या गावाहून परतताना त्या म्हणाल्या, "आता सापडली तर हात लावून ओळखीन. गिरण्यांचं गाव तेवढं राहिलं, नाही का?"

"तिकडचा पूल दुरुस्तीला काढलाय," पोस्टमास्तर म्हणाले. "आणि आता बघणार आहेस कशानं?"

शिवणबाईंना ते लागलं. पण खोटं थोडंच होतं?

घरी पोचेपर्यंत पोस्टमास्तरांची कंबर धरली. गाडीतून उतरता येईना, तेव्हा त्यांनी जुडगा बायकोच्या हातात दिला. शिवणबाईंच्या बोटांनी आधी ओळखली ती सगळ्यात छोटी किल्ली. त्यांनी चाचपत पेटी उघडली, आत हात घातला.

"अहो, पाकीट आहे! चांगलं जाड आहे!"

कंबर धरलेले पोस्टमास्तर दोन ढांगांत तिथं आले. त्यांनी पाकीट घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं.

"कुणाचं आहे हो?" शिवणबाईंनी विचारलं.

"कुणाचं असणार? औषधाच्या दुकानाची जाहिरात. दर महिन्याला टाकतात मेले." त्यांनी पाकीट परत बायकोच्या हातात ठेवलं. "फाडून टाक. घरात कचरा नको."

शिवणबाईंना स्वतःच्या आशेची लाज वाटली. त्यांनी सवयीनं पाकिटावरून तळवा फिरवला, कापड फाडावं तसं ते सरळ रेषेत फाडलं, मग पुन्हा एकदा आडवं. तुकडे दाराशी असलेल्या बादलीत टाकले, हात झटकले. "चहा ठेवते," म्हणाल्या, आणि भिंतीच्या आधारानं आत गेल्या.

बादलीत अगदी वर पडलेल्या तुकड्यावर हिरव्या शाईत लिहिलं होतं, 'आई, तू नुसतं ये म्हण. दीड तासात पोचते.'