पेट्यांना सोसतील असे टायर

नीरजाने टायरच्या नक्षीत बोट घातलं. ते दुसऱ्या पेरापर्यंत आत गेलं.

"हे नकोत," ती म्हणाली. "असलेच काढून टाकायला आलोय आम्ही."

"मॅडम, चिखलात जायचंय म्हणालात ना?" दुकानाचा मालक आमोद म्हणाला. "मग याच्यापुढे काही नाही. गाडी रणगाड्यासारखी दिसते."

"चालतेही तशीच."

हडपसरच्या त्या दुकानात एरवी गिऱ्हाइकाभोवती चार माणसं असायची. आज ती सगळी रस्त्यापलीकडे उभी होती. नीरजाच्या पिकअपमध्ये, केबिनला टेकून, जाळी लावलेली एक पेटी होती. पेटीत जिवंत मधमाश्या होत्या.

"ते सोबत आणायलाच हवं होतं का?" आमोदने विचारलं.

"टायर त्यांच्यासाठीच घेतेय. पसंत नको का पडायला?"

परवा अशा सगळ्या पेट्या इंदापूरला डाळिंबाच्या बागांत न्यायच्या होत्या. कळ्या उमलायला लागल्या होत्या; बागायतदार रोज फोन करत होते. आधी लांबलचक हायवे आणि मग पाटाच्या कडेची काळ्या मातीची वाट. मागच्या खेपेला हायवेवरच घात झाला होता. मोठ्या ठोकळ्यांचे हे टायर डांबरावर सारखे थरथरत राहिले आणि मधाने जड झालेली पोळी चौकटींतून सुटून पडली. एका पेटीत राणीच चिरडली.

"ताई, मला इचाराल तर हेच बसवा." तिच्या मागे उभा असलेला संतोष म्हणाला. पिकअप तोच चालवायचा. "पोळी तुटली तर माश्या दुसरी बांधत्यात. मेलेल्या माश्या कोन बांधणार हाय?"

नीरजाने त्याच्याकडे पाहिलं. हे टायर संतोषनेच निवडले होते. त्याआधीच्या गुळगुळीत टायरांवर गाडी बागेच्या तोंडाशी रुतली होती आणि ट्रॅक्टर येईपर्यंत बंद पेट्या उन्हात तापल्या होत्या. मेलेल्या माश्या संतोषने ओंजळीने बाहेर काढल्या होत्या. त्याचं चुकलं होतं असं तिला कधीच वाटलं नव्हतं.

"रुतायचं नाही, हे कबूल," ती म्हणाली. "पण हलायचंही नाही."

ती रांगेच्या टोकाशी गेली आणि एका टायरवर हात ठेवून थांबली. "हे."

"हे फॅमिलीवाले नेतात," आमोद म्हणाला. "लोणावळ्याला भजी खायला."

"याच्या मध्ये सलग पट्टा आहे. डांबरावर भार त्याच्यावर राहील, म्हणून थरथर कमी. ठोकळे कडेला आहेत. ते चिखलासाठी."

"कडेचे ठोकळे चिखलाला लागणार कसे?"

"ते बसवल्यावर दाखवते."

"एकदा चाललेला टायर आम्ही परत घेत नाही. तसा बोर्डच आहे."

"वाचला. बसवा."

दुकानामागे गाड्या धुण्याच्या पाण्याने एक मोकळा प्लॉट कायमचा काळा चिखल झाला होता. नवे टायर लागल्यावर नीरजाने पेटी उतरवून सावलीत ठेवली आणि संतोषला म्हणाली, "घाल आत."

गाडी आत गेली, मध्यापर्यंत पोहोचली आणि थांबली. चाकं जागच्या जागी फिरू लागली. चिखल आमोदच्या इस्त्रीच्या शर्टापर्यंत उडाला.

"छान!" शर्टाकडे बघत तो म्हणाला. "आता ट्रॅक्टर बोलावू, की दाखवणार आहात?"

संतोषने इंजिन बंद केलं. स्टिअरिंगवरचे हात त्याने काढले नाहीत. खिडकीतून त्याचा चेहरा दिसत होता आणि तो चेहरा नीरजाने एकदा पाहिलेला होता.

तिने चपला काढल्या, सलवार वर खोचली आणि चिखलात उतरली. एकेका चाकाशी बसून तिने व्हॉल्व्हची टोपी काढली आणि तो दाबून धरला. घाई केली नाही. हवा फुसफुसत बाहेर पडत गेली तसे टायर बसके झाले, पसरले आणि कडेचे ठोकळे मातीला टेकले.

"दुसरा गिअर," ती म्हणाली. "क्लच सावकाश. ॲक्सिलरेटरवर जोर नको."

गाडी क्षणभर तशीच राहिली. मग कडक जमिनीवर बैल चालावा तशी, न घसरता, पलीकडे निघाली.

हवा भरायचा पाइप आमोदने स्वतःच ओढत आणला.

"बागेत आपल्याला कोन पाइप देनार?" संतोषने विचारलं.

"छोटा पंप घेऊ. बॅटरीवर चालतो. हायवेला लागायच्या आधी हवा पूर्ण भरायची. हे मात्र विसरायचं नाही."

"न्हाई इसरणार."

पेटी पुन्हा केबिनला टेकवून बांधली आणि दोघं सोलापूर रस्त्याने निघाले. मांजरी गाव मागे पडलं. केबिनची मागची काच उघडी होती. संतोष एकदम ताठ झाला. त्याने मान कलती केली, वेग कमी केला आणि गाडी कडेला घेतली.

"ताई, बेअरिंग गेलं बगा."

"कशावरून?"

"मागनं आवाज येतोय. बारीक. मगाधरनं एकसारखा हाय."

नीरजाने ऐकलं. मग मागे वळून पाहिलं.

"माश्या आहेत, संतोष."

तो ऐकत राहिला. दोन हंगाम तो त्यांना घेऊन या रस्त्याने जात-येत होता, पण आधीच्या टायरांच्या घरघरीत हा आवाज कधी कानावर आला नव्हता.

"ह्या रोज अशाच गुणगुणत्यात?"

"रोज."

संतोषने गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली आणि बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून आपल्या बाजूची काच वर केली.