पांढरी कड

दांड्याभोवतीच्या तपकिरी गंजाला एक पांढरी कड होती. केसाएवढी बारीक, पण सलग. संजनाने ती नखाने खरवडली, बोटांत चुरडली आणि जिभेला लावली.

मीठ.

एकलहऱ्याच्या वीज केंद्रात ती बॉयलरचं पाणी तपासायची. पाण्यात मीठ किती आहे हे रोज शोधायचं, कारण थोडं मीठसुद्धा लोखंड खातं. समुद्र इथून शंभर किलोमीटरच्या पलीकडे. गाडीखाली मीठ आपोआप येत नाही.

"काय चाटतीस गं?" सावळीराम मागून खेकसले. "दांडा हाय तो. कुल्फी नाय."

"गंज बघतेय, बाबा."

हा दांडा त्यांनीच बनवला होता. जुन्या अँबॅसिडरच्या बंपरखाली चौकोनी नळी, तीत सरकणारा दांडा, त्याच्या टोकाला ट्रेलर जोडायचा. पाच वर्षं तेरा ऑक्टोबरला ते पुस्तकांचा ट्रेलर ओढत येवल्याच्या धर्मांतर-घोषणा मेळाव्याला जायचे. परत आले की दांडा काढायचा, ग्रीस लावून कपाटाखाली ठेवायचा. यंदा वर्षभर तो नळीतच राहिला होता, जवळजवळ टोकापर्यंत आत सरकलेला; बाहेर ओढल्याशिवाय ट्रेलर जोडता येणार नव्हता. घरातल्या दारांच्या बिजागऱ्यांनाही दर महिन्याला तेल घालणारा माणूस. त्याचा दांडा अडकला होता.

उद्या तेरा तारीख होती. ट्रेलर भरून अंगणात उभा होता. सकाळी येवल्याहून फोन आला, "काका, येताय ना?" सावळीराम फोन दुसऱ्या कानाला लावत म्हणाले, "येतो."

संजनाची आई, चांगुणाबाई, उंबऱ्यात बसून मेथी निवडत होत्या. गेल्या वर्षी विंचूरच्या वळणावर गाडी रस्त्याखाली उतरली, तेव्हा त्या नवऱ्याशेजारीच बसल्या होत्या. "समोरून ट्रक अंगावर आला," असं सावळीरामांनी सगळ्यांना सांगितलं. चांगुणाबाईंनी ट्रकचं नाव काढलं नाही.

संजनाने कालच फटीत डिझेल सोडलं होतं. आता ती उकळत्या पाण्याची किटली घेऊन आली.

"त्याला चहा पाजतीस का?" सावळीराम म्हणाले. "सदतीस वर्षं फिटर होतो मी. जाम झालेलं लोखंड आगीलाच भितं."

त्यांनी ब्लोलॅम्प पेटवला. निळी ज्योत सूं करत बाहेर आली.

"बाबा, पेट्रोलची टाकी तिथंच आहे. डिकीत."

"दिसतंय मला."

ते उकिडवे बसले. ज्योत पुढे नेली. नळीवर नाही, नळीच्या डावीकडे चार बोटं, डिकीच्या पत्र्यावर. पांढऱ्या रंगाला फोड आले. मग ते फोड काळे पडले. जळक्या रंगाचा वास सुटला. सावळीराम शांतपणे तिथेच ज्योत धरून बसले होते, आणि पुटपुटत होते, "तापू दे जरा. तापू दे."

संजनाने त्यांच्या हातावर हात घातला आणि ब्लोलॅम्पची चावी फिरवली. ज्योत विझली.

"काय झालं?" त्यांनी विचारलं. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

मेथीचं ताट घरंगळलं. चांगुणाबाई उभ्या होत्या.

"मीच ओतलंय," त्या म्हणाल्या. "मिठाचं पाणी. दर शनवारी, तुमी बुद्धविहारात गेल्यावर. आता जाळा मला, गाडी नका जाळू."

शेजारच्या अंगणात रेडिओवर बाजारभाव चालले होते. संजना वडिलांच्या आवाजाची वाट पाहत राहिली. त्या आवाजाने घरातली भांडी वाजायची. तो आला नाही.

काहीतरी करायला हवं, म्हणून तिने किटली उचलली. नळीवर धार धरली. पांढरी कड विरघळली. दुसरी किटली ओतून झाल्यावर तिने दांड्याला हातोडीने डावीकडून टोले दिले, मग उजवीकडून. हलकेच. सहाव्या टोल्याला आतून करकर ऐकू आली. ती दांडा हलवत, ओढत राहिली, आणि तो बोटभर, मग वीतभर बाहेर आला.

"आण इकडं," सावळीराम म्हणाले.

त्यांनी दांडा मांडीवर घेतला. तारेच्या ब्रशने घासला, फडक्याने पुसला. गंजाचे डाग ते अंगठ्याने शोधत होते. नजर समोर पेरूच्या झाडाकडे होती. मग त्यांनी ग्रीस लावलं, कोपऱ्याकोपऱ्यांत, एकही जागा न सोडता.

"मीठ मला ठाव होतं," ते म्हणाले.

चांगुणाबाईंनी मान वर केली. "कधीपासून?"

"दर रविवारी गाडी धुतो मी. बोटाला खरखर लागायची."

"मग पुसलं का नाय?"

"पुसलं असतं, तर दांडा निघाला असता."

ते गुडघ्यावर हात टेकून उठले आणि गाडीपाशी गेले. दांड्याचं टोक नळीच्या कडेवर आपटलं. पुन्हा आपटलं. संजना पुढे झाली नाही. तिसऱ्या वेळी त्यांनी आधी डाव्या हाताने नळीचं तोंड चाचपलं आणि दांडा आत सरकवला. पिन लावली. हात फडक्याला पुसले. मग सदऱ्याच्या खिशातून किल्ली काढली. तिने ड्रायव्हिंग लायसन काढून चार वर्षं झाली, तरी ही किल्ली संजनाच्या हातात कधी आली नव्हती.

त्यांनी ती पुढे केली. थोडी चुकीच्या दिशेला. तिला एक पाऊल बाजूला सरकावं लागलं.

"मला धड दिसत नाय, पोरी," सावळीराम म्हणाले. "उद्यापासून गाडी तू चालवायची."