ये, सरदार

सामान खाली टेम्पोत गेलं होतं. रिकाम्या हॉलच्या मधोमध सरदार तेवढा उरला होता. बसला होता आणि हलायचं नाव घेत नव्हता.

एका टोकाला, बाल्कनीच्या दारात, बायको उभी होती. दुसऱ्या टोकाला, बाहेरच्या दारापाशी, नवरा. ती दातांची डॉक्टर, तो आर्किटेक्ट. घटस्फोट झाला होता. कपाटं, भांडी, पडदे, सगळं समजुतीने वाटून झालं होतं आणि आपल्या या समजूतदारपणाचं दोघांनाही भारी कौतुक होतं. राहता राहिला कुत्रा, सरदार. उरलेल्या एकुलत्या एका खुर्चीवर नवऱ्याची आत्या बसली होती, पंच म्हणून. दोघांचाही विश्वास असलेली अशी ती एकटीच होती.

ठरलं होतं ते असं. दोघांनी हाक मारायची, सरदार ज्याच्याकडे जाईल त्याचा. कुणाकडेच गेला नाही, तर बेवारस जनावरं ठेवतात तिथली गाडी येऊन त्याला घेऊन जाणार. गाडी सांगूनही ठेवली होती. एवढा थोराड, एवढा हट्टी कुत्रा तिथून पुन्हा कुणी घरी नेत नाही, हे तिघांनाही ठाऊक होतं. तोंडाने कुणी बोललं नव्हतं इतकंच.

“त्याचं त्यालाच ठरवू दे,” असं दोघं एकदमच म्हणाले होते. ते ऐकून आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. भाबडी बाई.

ही जात डोंगरात मेंढ्या राखणारी. धन्याचंसुद्धा ऐकत नाही, स्वतःच्या डोक्याने चालते. पिल्लू घरी आणलं तेव्हा दोघांना याचाच केवढा तोरा! पाहुण्यांसमोर ‘बस’ म्हणायचं, तो मुद्दाम उभा राहिला की हसायचं आणि वर ऐकवायचं की ही जात कुणाची गुलाम नाही. जसा काही तो हट्ट यांनीच त्याला शिकवला होता. पुढे त्याने सोफा फाडला, दारं कुरतडली, पाहुणे यायचे बंद झाले, तशी ती ऐट उतरली. आता नवऱ्याच्या नव्या घरात पांढऱ्या फरश्या होत्या आणि बायकोच्या नव्या घरात पांढरा गालिचा. सरदार दोघांनाही नको होता. पण तसं म्हणायची धमक एकातही नव्हती. संसार मोडलाच, वर मुक्या जनावरालाही हाकललं, असं लोकांनी म्हटलं तर? म्हणून हा खेळ.

खेळातली मेख दोघांनाच माहीत होती. सरदारला जवळ आणायचं तर त्याच्याकडे पाठ करून चालू लागायचं. मग तो धावत मागे येतो. ‘ये’ म्हटलं की जागचा हलत नाही, आणि लाडाने ‘ये’ म्हटलं तर खुशाल आडवा होतो. इतक्या वर्षांत बोलावल्यावर तो एकदाही आला नव्हता. दोघांनी एकमेकांना हे सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती. इतकं एकमत त्यांचं संसारातही कधी झालं नव्हतं.

“ये रे माझ्या बाळा,” बायको म्हणाली.

सरदारने जांभई दिली.

“सरदार, ये. ये ना राजा,” नवरा म्हणाला.

सरदार आडवा झाला आणि त्याने पंजांवर तोंड टेकलं. आत्याने पदराने डोळे टिपले. बायकोने आणखी दोनदा हाक मारली. आवाजात मध नुसता गळत होता, पाय मात्र दारातच घट्ट. आत्याच्या नजरेत आपण कमी पडतोय असं नवऱ्याला वाटलं असावं. तो गुडघ्यांवर बसला. त्याने दोन्ही हात पसरले, गळा दाटून आणला आणि तो पुन्हा एकदा म्हणाला, “ये.”

सरदारने मान उचलली. त्याच्यासमोर गुडघ्यांवर आजवर कुणी बसलं नव्हतं. तो उठला, त्याने अंग झटकलं आणि हॉल ओलांडून तो थेट नवऱ्याकडे गेला. नवऱ्याच्या गुडघ्याला खेटून, पाठ ताठ ठेवून, नीट बसला. महागडा शिकवणारा ठेवूनही हे त्याला कधी जमलं नव्हतं.

बायकोने सुटकेचा निःश्वास टाकला आणि लगेच तो हुंदक्यासारखा वाटेल असं बघितलं. नवऱ्याचे हात तसेच पसरलेले राहिले. कुत्र्याच्या अंगावर ते ठेवायचे की मागे घ्यायचे, हे त्याला कळेना.

“आत्या, हे खरं धरू नकोस,” तो म्हणाला. “हा बोलावल्यावर कधीच येत नाही. आयुष्यात आलेला नाही.”

आत्या त्याच्याकडे बघत राहिली. मग बाल्कनीच्या दाराकडे तिने पाहिलं. बायकोने नजर फोनमध्ये घातली. आत्याच्या हातातला पदर हळूहळू खाली आला.

“मग बोलावत कशाला होतास?” तिने विचारलं.

खाली सांगून ठेवलेल्या गाडीचा हॉर्न वाजला, थांबला, पुन्हा वाजला. बायकोने पर्स खांद्याला अडकवली. नवरा उठला आणि पँटचे गुडघे झटकत राहिला, झटकण्यासारखं तिथे काही नसतानाही.

सरदार मान वर करून त्याच्याकडे बघत बसून राहिला. त्याला अजून कुणी ‘ऊठ’ म्हटलं नव्हतं.