निळ्या ओळी

अलेक्झांड्रियाच्या पंप-कारखान्यात नशवानं हुकमांची यादी घालून एडिटरला, म्हणजे प्रोग्राम लिहायच्या सॉफ्टवेअरला, चिपची असेंब्ली भाषा ओळखायला शिकवली. पंपातल्या चिपला कळणारा हुकूम पडद्यावर निळा दिसायचा, न कळणारा पांढराच राहायचा. साहेबांनी, म्हणजे डॉक्टर रुश्दींनी, पंप चालवायला स्वतः लिहिलेला प्रोग्राम उघडला, तर तीन ओळी पांढऱ्याफटक.

"डॉक्टर, हे हुकूम दुसऱ्याच चिपचे आहेत. आपल्या चिपला कळायचे नाहीत," नशवा म्हणाली.

"इंजिनियरबाई, तू रांगत होतीस तेव्हापासून मी असेंब्ली लिहितोय," चहात पुदिना बुडवत डॉक्टर म्हणाले. "तुझी यादीच अर्धवट आहे. घाल ते शब्द. उद्या गिऱ्हाइकांसमोर मला एकही पांढरी ओळ नको."

टेबलावर डॉक्टरेटची पाटी हातभर लांब, आणि अक्कल... नशवानं ते तीन शब्द यादीत घातले. सगळा पडदा निळाशार झाला.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकांनी पडद्याचं तोंडभर कौतुक केलं. डॉक्टरांनी ऐटीत बटण दाबलं. पंप ढिम्म.

पुन्हा दाबलं. ढिम्म.

डॉक्टर नशवावर खेकसले, "बघत काय उभी राहिलीस? निळा जरा गडद कर!"